जोडनाद बसला त्या दिवसाची हकीकत

नादास प्रथम नमन, मग ज्या कानांनी तो ऐकिला त्या कानांस नमन. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध दशमी, ते दिवशी भर दरबारात जोडनाद बसला आणि राज्य दुभंगता दुभंगता राहिले, त्याची हकीकत चिकाच्या पडद्याआडून जैशी देखिली तैशी लिहिली आहे.

राजधानीच्या पेठा दोन, एक वरची आणि एक खालची, आणि मधून नदी. तीन पिढ्या वैर चालिले आणि मग थोरल्या राजियांनी तह करविला आणि तहाचा कागद न करिता विजेची एक गिटार करविली. तिच्या तारांखाली दोन पिकअप, म्हणजे चुंबकांभोवती तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेटोळी. वरची तार हलली की तिचा आवाज ती धरितात आणि कर्ण्यात पाठवितात. मानेकडील पिकअप वरच्या पेठेने गुंडाळावे आणि घोडीकडील, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीकडील, खालच्या पेठेने, आणि दर बारा वर्षांनी दोन्ही नवी करावी, ऐसा शिरस्ता. मग वादकाने कळ वर करून एका पेठेचा आवाज ऐकवावा, कळ खाली करून दुसरीचा, आणि शेवटी कळ मधोमध ठेवून दोहोंचा जोडनाद करावा. तो भरून आला म्हणजे तह आणखी बारा वर्षे चालिला. आमच्या लहानपणी तो ऐसा भरून येई की घागरीतले पाणी थरथरे आणि नदीपलीकडची माणसे उंबऱ्यावर येऊन हात जोडीत.

त्या वर्षी राजियांची कन्या खालच्या पेठेत देण्याचे ठरले होते आणि लग्न त्याच सायंकाळचे. खालच्या पेठेचे पिकअप लाडूबाईने गुंडाळिले. ती आमची भाची, हे लपवीत नाही. तिची आई बारा वर्षांमागे गुंडाळून मागोमाग वारली, आणि लाडूबाईची ही पहिलीच खेप.

दरबार भरला आणि सटवाजी वादकाने कळ वर केली, तो आवाज गोल आणि दणदणीत आला. कळ खाली केली, तो धारदार आणि खणखणीत आला. मग कळ मधोमध आणिली आणि आवाज पडला. निम्म्याहून कमी, पातळ, पडसे झालेल्याने नाकातून बोलावे तैसा, आणि कर्ण्यातली घरघर मात्र पहिल्याहून मोठी.

कारभारी रुद्राजीपंत बोलिले, "सटवाजी, उपाशी आलात काय? जोर लावा."

"पंत, जोर लावलाच आहे. तार तुटेल, आवाज निघायचा नाही."

मग मळसूत्रे पिळून दोन्ही पिकअप तारांच्या जवळ आणिली, तेव्हा एकेकट्याचा आवाज आणखी मोठा जाहला आणि जोडनाद होता तेथेच राहिला, उलट चुंबकांनी तारा ओढिल्या आणि सूर डगमगू लागला. वरच्या पेठेचे लोक कुजबुजले की पूर्वज घरघर करितात, हे लग्न त्यांस मान्य नाही. आणि पुलावरची चौकी दुप्पट जाहली आणि दोन्हीकडचे हात तलवारींच्या मुठींवर गेले. मग राजे बोलिले की दोन घटकांत जोडनाद न भरला तर लग्न मोडले, तह मोडला, आणि लाडूबाईने नेसत्या वस्त्रानिशी सीमेपार जावे.

लाडूबाई पुढे आली, ओठ पांढरे पडलेले. "महाराज, आठ हजार वेटोळी घातली. एक कमी असेल तर हात तोडा."

वरच्या पेठेचा नारोबा म्हणाला, "माझीही आठ हजारच. खोट आमची नव्हे."

आम्हास राहवले नाही, आणि पडद्याआडूनच विचारिले, "लाडू, कोणत्या अंगाने फिरवलीस गं?"

"उजव्या अंगाने, मावशी. नारोबाकाकांसारखी."

"आपण तर डाव्या अंगाने गुंडाळतो. पागोटीसुद्धा!"

"ते वैराचं राहिलेलं, असं वाटलं मला. आता सोयरीक होतेय, तर त्यांच्यासारखं करावं. मान दिल्यासारखं होईल."

"आणि चुंबक?"

"ते आई बसवायची तसेच. त्यांच्या उलट."

तेव्हा आम्हास आमची आई आठवली, नारोबाच्या बापासमोर बसून गुंडाळताना म्हणत असे की चुंबक उलटे तर वेटोळीही उलटीच, एकच बदललेस तर एक आवाज ढकलील तेव्हा दुसरा ओढील आणि दोघे एकमेकांस खातील. मग म्हटले, "वेटोळी सोडू नका. लाडूच्या पिकअपाची जी दोन टोके बाहेर आली आहेत, त्यांची अदलाबदल करा."

नारोबा हसला. "आता पडद्यातल्या बायका आम्हाला शिकवणार!"

"तुझ्या बापाला कथलाचा डाग देऊन तार जोडायला माझ्या आईनेच शिकवलं, नारोबा. कथील तापव आणि मुकाट्याने डाग दे."

मग कथील तापविले. नारोबाने डाग दिला, लाडूबाईने टोके बोटांनी धरून ठेविली, आणि बोटे भाजली तरी सोडिली नाहीत. घटकापात्र दुसऱ्यांदा बुडावयास आले आणि सटवाजीने गिटार उचलिली. कळ वर, आवाज पहिल्यासारखाच. कळ खाली, तोही तैसाच. मग कळ मधोमध नेली आणि हात तारांवर ठेवून थांबला. मग त्याने तारा छेडिल्या.

घरघर विझली आणि नाद भरून आला. एकेकट्याहून मोठा नव्हे, पण दोहोंच्या बरोबरीचा, आणि त्यात गोलाई आणि धार दोन्ही. तरी पंतांची शंका फिटेना. त्यांनी पडद्याकडे वळून विचारिले, "आक्का, थोरल्या राजियांच्या वेळी ऐकलेल्या आता तुम्हीच एकल्या. खरे सांगा, हा तेवढाच आहे काय?"

आणि सारे आमच्याकडे पाहू लागले. राजे पाहू लागले, आणि लाडूबाई भाजलेली बोटे तोंडात धरून पाहू लागली. आम्ही डोळे मिटले. आठवणीतला नाद मोठा होता. घागर थरथरली होती, ते आम्ही स्वतः पाहिले होते, पण तेव्हा घागर आमच्या खांद्याएवढी होती.

"तेवढाच आहे," आम्ही म्हटले.

मग पुलावरची चौकी उठली, सायंकाळी लग्न लागले आणि तह चालिला. लाडूबाईच्या दोन बोटांवर डागाची खूण राहिली. पुढील खेपेस खालच्या पेठेने डाव्या अंगानेच गुंडाळावे, मान देणे तो पानसुपारीने द्यावा. आणि आमच्या लहानपणीचा नाद किती मोठा होता ते पुन्हा कोणी विचारिले नाही, म्हणोन येथेही लिहिले नाही.