नानांचे कॅन्सासमधले तालुके

आमच्या शेजारच्या नानांच्या ओटीवर देवांच्या तसबिरींपेक्षा मोठा एक नकाशा लावलाय, आणि तो रायगड जिल्ह्याचा नाही. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्याचा आहे. तिथल्या काउंट्यांना नाना तालुके म्हणतात. ज्या तालुक्यात मेक्सिकोकडची, स्पॅनिश बोलणारी घरं जास्त, तो त्यांनी तेलखडूने गडद हिरवा केलाय. जिथे कमी तो फिका, जिथे जवळजवळ नाहीतच तो कोरा.

नाना निवृत्त तलाठी. उभा जन्म सातबारे लिहिण्यात गेला, त्यामुळे जमीन दिसली की तिच्यावर कोण राहतं हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "आधी वस्ती बघावी" हे त्यांचं पालुपद. माझ्या सासरी, नागावात, आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. एकदा पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं, सोबत अमेरिकेहून सुट्टीवर आलेला त्या घरचा मुलगा. नानांनी त्याला चहाच्या कपासकट गाठून तालुका विचारला. बिचाऱ्याला शहर सांगता आलं, काउंटी काही सांगता आली नाही. एवढा शिकलेला माणूस आणि स्वतःचा तालुका ठाऊक नाही, म्हणून नाना दिवसभर हळहळत होते.

या वेडाचं मूळ म्हणजे जावई. नानांच्या एकुलत्या एक लेकीने, रेवतीने, तिकडे कॅन्सासात मातेओ नावाच्या, मूळच्या मेक्सिकन घरातल्या मुलाशी लग्न केलं. गावाने नाकं मुरडली, नानांनी नकाशा मागवला. यंदा मातेओला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक उत्तरेला, पगार भरपूर, पण तालुका कोरा. दुसरी नैऋत्येच्या कोपऱ्यात, पगार बेताचा, पण तालुका गडद हिरवा, त्याच्या नातेवाइकांचा. त्यात रेवतीला सातवा महिना. तिची आई, सुमनकाकू, केव्हाच गेली आणि नानांना डॉक्टरांनी विमानाची मनाई केलेली. बाळंतपणाला पोरीजवळ कोण, हा एकच घोर त्यांना लागला होता. रोज फोनवर ते तिला हिरव्या कोपऱ्याचे गुण सांगत. तिथल्या कचेरीला त्यांनी रीतसर अर्जही धाडला. विषय, वस्तीचा दाखला मिळणेबाबत. अर्ज मराठीत आणि पोच हवी म्हणून दोन प्रतींत.

परवा सकाळी रेवतीचा फोन आला तेव्हा मी नानांच्या ओटीवरच होते. तिने आणि मातेओने हिरवा कोपराच निवडला होता. घराशेजारी मातेओची आत्या राहते. तिने आत्ताच बजावलंय, बाळंतपणानंतर चाळीस दिवस थंड पाण्यात हात घालायचा नाही, झाडू धरायचा नाही, सगळं ती बघेल. त्यांच्यात तशी रीतच आहे म्हणे.

नानांनी फोन ठेवला आणि बोटांवर हिशेब केला.

"आपला सव्वा महिना. त्यांचे अडीच दिवस जास्तच की, सूनबाय."

ते खुशीत हसले. मी चहा ठेवला.

"रेवती झाली तवा माझी बदली माणगावला," ते म्हणाले. "वळखीचं कोन न्हाय. पाचव्या दिवशी सुमन घागर घेऊन विहिरीवर गेली, आन मी गेलो पंचनाम्याला."

मी चहा गाळून कप त्यांच्यापुढे ठेवला.

"तिनं कधी बोलून न्हाय दाखवलं," नाना म्हणाले. "मला आत्ता, पोरीच्या बाळंतपणाच्या टायमाला कळलं."