बारावं घर

आहारशास्त्रात एम.एस्सी. करणं म्हणजे पोहे नीट परतायला शिकणं, असं आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांचं ठाम मत होतं. पण माझा प्रबंध भारदस्त होता. धानाच्या पट्ट्यातली बारा शेतकरी कुटुंबं तीन-तीन दिवस काय नि किती खातात, ते तोलून लिहायचं. अकरा घरं बिनबोभाट झाली होती. "बारावं तर मी डोळे मिटून उरकते," असं माझ्या मार्गदर्शक मॅडमना छातीठोक सांगून १९७८ च्या हिवाळ्यात मी नागपूरहून सिहोऱ्याला आले. उतरले ग्रामसेविकाबाईंकडे.

बारावं घर होतं लक्ष्मणराव नि कुंताबाईंचं. घरात ते दोघं आणि पंचवीस वर्षांचा मुलगा खुशाल. ओसरीत बसून मी छापील फॉर्म उघडला.

"शेती किती?"

"आठ एकर धानाची हाये जी," लक्ष्मणराव म्हणाले.

"दुभती जनावरं?"

"दोन म्हशी."

"घरात कोणाला जुना आजार?"

"नाई वो बाई," कुंताबाई घाईनं म्हणाल्या. "आमच्या घराण्यात तसलं काहीच नाई."

"मुलाला दारू, तंबाखू?"

इथं नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "सुपारीचं खांडबी तोंडात टाकत नाई," कुंताबाई हळूच म्हणाल्या.

मग मी टेप काढून खुशालची उंची मोजली, त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला. मी फॉर्मवर लिहिलं, 'रक्ताचं प्रमाण उत्तम.' शेजारच्या शकुबाई कुंपणावरून हे सगळं पाहत होत्या.

त्या दुपारी भात, वरण, वांग्याची भाजी होती. ताटं तोलली, लिहिली. संध्याकाळी येऊन पाहते तर चुलीवर पुऱ्या!

"रोज असंच जेवता?"

"रोजच. कधी कधी जास्तबी होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरा, दुपारी खीर, रात्री भजी नि पुन्हा पुऱ्या. आई वाढत होती, खुशाल गिळत होता आणि मी प्रत्येक पुरी त्याच्या ताटातून उचलून तोलत होते. त्याचे उष्मांक मांडले तर तेवढे दोन पहिलवानांना पुरले असते. कुंताबाई आता मला बाई सोडून 'पोरी' म्हणत होत्या. कुटुंबाचा विश्वास संपादन करावा असं पुस्तकात होतंच. तो झाला म्हणून मी खूश.

तिसऱ्या दिवशी ओसरी भरलेली. तुमसरहून खुशालचे मामा ताराचंद आले होते, सोबत दोन मावश्या. शकुबाईही होत्या.

"पोरी, बाबा काय करतेत?" मामांनी विचारलं.

"मोहाडीला मास्तर आहेत."

"मंग ते काहून नाई आले?"

"त्यांचं काय काम? हे माझं मलाच करावं लागतं. शेवटी मॅडमची पसंती मिळाली की झालं."

"आनखी किती घरं पाहिली?"

"अकरा. सगळ्यांकडे तीन-तीन दिवस काढले."

एका मावशीची चहाची बशी हवेतच थांबली. शकुबाईंनी पदर तोंडाला लावला. "एवढं तोलूनमापून तं आमी बैलबी घेत नाई, माय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शेती, म्हशी, आजार, व्यसन, उंची! मी घाईघाईनं फॉर्म उलगडून दाखवला. हा अभ्यास आहे, कॉलेजचा. सोयरिकीचा संबंध नाही. चुकलंच माझं, आधी नीट सांगायला हवं होतं.

तीन दिवसांचं तूप, तेल, साखर आठवून मला मान वर करवेना. माझ्यामुळे या बाईची चार माणसांत शोभा झाली होती.

पण कुंताबाईंनी मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बापा," त्या म्हणाल्या. "पोट्टा कालपासून नाईच म्हनून राहिला होता. म्हने, ही आतापासून पुऱ्या तोलते, लगन झाल्यावर मले पोटभर जेवू देईन का? तुले आता कोन्या तोंडानं सांगावं, याचीच फिकर होती आमाले."

सगळे हसले. खुशाल मागच्या दारानं निघून गेला. मीही हसले, जरा उशिरानं. मग त्यांनी मला पुरी-खीर वाढली, न तोलता.

त्या घराचे आकडे मॅडमनी पाहताक्षणी बाद केले. प्रबंधाच्या शेवटी कुटुंबांचा तक्ता द्यावा लागतो, आणि एखादं घर गळालं तर त्याचं कारणही. मी प्रामाणिकपणे लिहिलं:

'बारावे कुटुंब: नकार दिला.'