तहान नसल्याबाबत खुलासा

आमच्या संघात भेदभाव कधीच नव्हता, हे सुरुवातीलाच नमूद करतो. भूम तालुक्यातल्या करडई उत्पादकांचा हा सहकारी संघ, आणि मी त्याचा मॅनेजर. ज्याची करडई ओली त्याला परत पाठवायचं, आणि जो चेअरमनच्या भावकीतला त्याची ओली करडई वाळलेली समजायची, एवढाच काय तो फरक आम्ही करत आलो. तो पोटनियमांत बसतो.

अस्पृश्यतेचा कायदा दिल्लीत शहात्तर साली कडक झाला. त्याचं परिपत्रक आमच्यापर्यंत यायला ब्याऐंशीचा उन्हाळा उजाडला, कारण उस्मानाबादहून भूमला येणारी एस.टी. मध्ये बऱ्याच ठिकाणी थांबते. परिपत्रकाचा मतलब असा, की संस्थेत असला गुन्हा घडला तर करणारा आत जाईलच, पण संस्था चालवणारेही जबाबदार. कैद आणि दंड, दोन्ही. चेअरमन आण्णासाहेबांनी मला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "चालवणारे म्हंजे कोण? म्या तर नुसती सही करतो." मी म्हटलं, सही करणाराच आधी जातो.

त्याच पत्रात खाली आणखी एक ओळ होती. शिपायाची रिकामी जागा राखीव प्रवर्गातून ताबडतोब भरावी. जुना शिपाई कोंडिबा निवृत्त झाल्यापासून ती जागा आम्ही जिवापाड जपून रिकामी ठेवली होती. आता इलाज नव्हता. बौद्ध वस्तीतल्या चांगुणाला आम्ही घेतलं. सातवी पास, नवरा वारलेला, घरी सासू केशरबाई आणि दोन लेकरं. रोजगार हमीवर खडी फोडत होती. वर्षभर कच्ची नेमणूक, आणि काम समाधानकारक असलं तर कायम. कायम झाली की हातातला हातोडा सुटणार आणि लेकरं शाळेत टिकणार, एवढं तिचं साधं म्हणणं होतं.

आता शिपायाचं काम काय? खिडक्या उघडायच्या, टेबलं पुसायची, कागद इकडचे तिकडं न्यायचे. पण आमच्या सेवानियमांत पहिलं काम लिहिलंय ते पाणी देण्याचं. गावातल्या विहिरी आटलेल्या, सगळी भिस्त टँकरवर. चांगुणा टँकरपाशी भांडून संघाचा रांजण भरायची आणि त्याला ओलं फडकं गुंडाळायची. पहिल्याच दिवशी ती ग्लास घेऊन आण्णासाहेबांसमोर उभी राहिली. मे महिना, डोक्यावर पत्रा, आणि आण्णासाहेब नुकतेच जीपमधून उतरलेले. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, टेबलावरच्या परिपत्रकाकडे पाहिलं, आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, आपल्याला बिलकुल तहान नाही.

यात बेकायदेशीर काय आहे? तरी उगाच शंका नको म्हणून मी उस्मानाबादला जाऊन एका वकिलाला गाठलं. ते म्हणाले, 'तुझ्या हातचं पीत नाही' असं म्हटलं की गुन्हा. 'तहान नाही' असं म्हटलं तर कोणतंही कलम लागत नाही. हा सल्ला मी कचेरीत सगळ्यांना समजावून सांगितला आणि त्या दिवसापासून आमच्या कार्यालयाला तहान लागायची बंद झाली. हेडक्लार्क श्रीपतीरावांनी आधी निर्जळी गुरुवार धरला, मग सोमवार, मग शनिवार. हिशेबनीस चन्नबसप्पांना वैद्यानं दिवसा पाणी वर्ज्य सांगितलं. मला सर्दी होती. मे महिन्यात सर्दी होत नाही असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

पण घशाला परिपत्रक कळत नाही. ऊन चढलं की जो तो 'जरा घरी जाऊन येतो' म्हणून सटकायचा. शेतकरी वजनकाट्याजवळ बसून राहायचे. चांगुणा त्यांनाही पाणी विचारायची आणि तेही मान हलवायचे. आमचे सभासद कायद्याच्या बाबतीत मॅनेजमेंटच्या मागे राहत नाहीत. शेवटी श्रीपतीरावांनी डोकं लढवलं आणि घरून फिरकीचा तांब्या आणून टेबलाच्या खणात ठेवला. आठवडा संपायच्या आत प्रत्येक खणात तांब्या आला. टपाल ठेवायला जागा उरेना.

मी पुन्हा वकिलांकडे गेलो. ते खुर्चीत ताठ झाले. बाहेर रांजण भरलेला असताना खणात तांब्या म्हणजे आयता पुरावा, ते म्हणाले. आली का पंचाईत! संचालक मंडळानं तातडीची सभा घेऊन एकमतानं ठराव केला, की भेदभाव समूळ नष्ट व्हावा यासाठी कार्यालयात कोणीही खाजगी पाणी आणू नये आणि कामाच्या वेळेत घरीही जाऊ नये. ठराव इतका पुरोगामी होता की जिल्ह्यातून आमचं कौतुक झालं. थोड्याच दिवसांत श्रीपतीराव व्हाउचरवर सही करता करता खुर्चीतून घसरून खाली पडले.

चांगुणा धावली. तिनं तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं, पदरानं वारा घातला, पाय चोळले. श्रीपतीरावांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "आत गेलं का?" याचं उत्तर एकट्या मॅनेजरनं देण्यासारखं नव्हतं. चौकशी समिती नेमली. समितीनं असा निष्कर्ष काढला, की पाणी ओठांच्या आत गेलं असणं संभवतं, परंतु गिळण्याची क्रिया बेशुद्धीत झाली असल्यामुळे ते पाणी प्याले असं मानता येणार नाही. श्रीपतीरावांनी तसा दाखला मागून घेतला आणि तो त्यांच्या देव्हाऱ्याजवळ लावलेला आहे. चांगुणानं जीव वाचवला त्याबद्दल तिचे आभार मानण्याचा विषयही होता, पण सभेची वेळ संपली.

असं वर्ष गेलं. तिला कायम करायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर होतं. मी न्यायी माणूस आहे. खिडक्या वेळेवर उघडल्या, टेबलं लख्ख होती, हे मी मान्य केलं. पण मुख्य काम पाणी देण्याचं, आणि वर्षभरात शुद्धीवर असलेला एकही माणूस तिच्या हातून पाणी प्यालेला नव्हता. मग काम समाधानकारक म्हणू तरी कसं? मी तिला बोलावून हे नीट समजावलं.

ती म्हणाली, "साहेब, म्या रोज टँकरवर भांडून रांजण भरला. तुमी न्हाय पिलात, त्यात माझं काम कसं कमी पडलं?"

"कमी पडलं असं कुठं म्हणतोय, बाई? झालंच नाही असं म्हणतोय."

"मग प्या की आत्ता. ग्लासभर प्या. माझं काम हुईल."

मला नेमकी शिंक आली. मला त्या बाईचा रागच आला, खरं सांगतो. आपण कायद्याच्या चौकटीत राहून इतका त्रास सोसावा आणि समोरच्यानं सरळ पाणी प्यायला सांगावं, ही काय रीत झाली?

ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. उस्मानाबादला जाऊन तिनं गाऱ्हाणं घातलं आणि तिकडून एक अधिकारी तपासणीला आले. मोठे सज्जन गृहस्थ. समतेवर त्यांनी इतकं सुंदर भाषण केलं की आण्णासाहेबांनी डोळे पुसले. मग त्यांनी मंडळाला स्पष्ट सांगितलं, की या बाईच्या हातचं पाणी एकानं जरी माझ्यासमोर प्यालं, तर आजच तिला कायम करा आणि विषय मिटला. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि पुढं पोलीस आहेत. आण्णासाहेबांनी घसा खाकरला आणि चांगुणाला पाणी आणायला सांगितलं.

तिनं ग्लास आणला. काठोकाठ भरलेला, बाहेरून गारव्यानं ओला झालेला. आण्णासाहेबांनी ग्लास उचलला, हे मी मुद्दाम नोंदवतो, उचलला, ओठांजवळ नेला, आणि तेवढ्यात त्यांना शिष्टाचार आठवला. पाहुण्यांच्या आधी आपण कसं प्यावं, म्हणत त्यांनी तो अधिकाऱ्यांपुढं सरकवला. अधिकारी म्हणाले, तपासणीला आलेल्यानं संस्थेचं काही घेऊ नये असा दंडक आहे, आणि ग्लास वयानं मोठे संचालक ज्ञानोबा यांच्याकडे गेला. ज्ञानोबा म्हणाले, मान पदाला असतो, वयाला नाही. ग्लास माझ्याकडे आला. माझी सर्दी अजून उतरली नव्हती. मी चन्नबसप्पांकडे दिला, त्यांनी श्रीपतीरावांकडे, आणि टेबलाला पुरा वळसा घालून तो चांगुणाच्या हातात परत आला. एक थेंब सांडला नव्हता.

तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग तिथंच, सगळ्यांसमोर, ग्लास तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लई गोड पाणी हाय. वरीसभर तहानलेलं ऱ्हायलात उगंच."

अधिकाऱ्यांनी ताबडतोब पेन काढलं. त्यांच्या जिवाचा घोर गेलेला दिसत होता. टंचाईच्या काळात, सभासदांच्या मालकीचं पाणी, कामाच्या वेळेत, संचालकांच्या समक्ष, विनापरवानगी स्वतः पिणं म्हणजे गंभीर गैरवर्तन. यात जातीचा संबंधच येत नाही. दुसरं कुणी प्यालं असतं तरी हीच कारवाई झाली असती, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. दुसरं कुणी प्यालं नव्हतं, हा भाग वेगळा. चांगुणाला त्याच दिवशी कमी केलं. पुढं एकदा तेरकडे जाताना रस्त्याच्या कामावर खडी फोडताना ती मला एस.टी.तून दिसली. मी खिडकीची काच ओढून घेतली, धूळ फार होती.

संघाला समतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. राखीव उमेदवार टिकत नाहीत असा शेरा मारून ती जागा आम्ही खुली करून घेतली आणि दगडोबा नावाचा नवा शिपाई भरला. त्याला आम्ही जात विचारली नाही, बरं का. असलं आम्ही विचारत नाही. नुसतं आडनाव विचारलं, मग गाव, मग मामाचं आडनाव, आणि सगळ्यांची तसल्ली झाली. आता कचेरीत दिवसभर पाण्याची मागणी असते.

तुम्ही आमच्यावर हसत असाल. हसा, हरकत नाही. पण हे वाचता वाचता हा मॅनेजर कोणाचा कोण असेल, आडनाव काय असेल, याचा अंदाज तुम्ही मनातल्या मनात बांधून ठेवलाय, आणि मला माहीत आहे की तो बांधल्याशिवाय तुम्हाला चैन पडलेलं नाही. घाबरू नका, त्याला कोणतंही कलम लागत नाही. बसा निवांत. दगडोबा पाणी घेऊन येतोय. ग्लास हातात घ्यायच्या आधी त्याला जे विचारायचं असेल ते विचारून घ्या.