जंगलात एकच ठकूझंकार

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, सांगितलं की उद्याच तिथे सहल काढाल आणि चिवड्याच्या पिशव्या टाकून याल, तर अशा एका जंगलात एक मुंगशीण राहायची. तिचं नाव कौसाबाई. नवऱ्याचं नाव भिकोबा. भिकोबा नागाला भ्यायचा नाही. बायकोला आणि दोन बहिणींना भ्यायचा. शहाणा होता.

त्या जंगलात एक डोह होता. उन्हाळ्यात बाकीचे ओढे आटले की सगळ्यांना तिथंच पाणी. आणि त्याच डोहात एक मगर. म्हणून रीत अशी होती, की टिटवी दगडावर उभी राहून मगरीवर नजर ठेवायची. मगरीचा डोळा लागला की एकाचं नाव पुकारायची. ज्याचं नाव, त्यानंच जायचं. प्यायचं आणि मागे फिरायचं. आवाज करायचा नाही.

रीत चांगली होती. पण जंगलात कौसा चार होत्या. एक डुकरीण, एक सांबरीण, एक म्हैस आणि चौथी आपली मुंगशीण. टिटवी "कौसाऽऽ" म्हणायची आणि चौघी उठायच्या. म्हैस पुढे असल्यावर मुंगशिणीच्या वाट्याला काय येणार? चिखल. बिचारीनं जन्मभर दात खरवडत पाणी प्यायलं.

म्हणून तिला लेक झाली तेव्हा ती भिकोबाला म्हणाली, "अहो, ऐका. हिचं नाव जंगलात दुसऱ्या कुणाचं नको. एकटीचं पाहिजे. माझ्या लेकीला नितळ पाणी मिळायला पाहिजे."

"बरं," भिकोबा म्हणाला. त्याला तेवढाच शब्द यायचा.

पोरगी मोठी गोंडस होती. नाक तेवढं जरा बसलेलं.

बारसं ठरलं. घुगऱ्या शिजल्या. पाळणा टांगला. आता बारशाला काय लागतं? आत्या. नाव आत्यानंच बाळाच्या कानात सांगायचं, आणि एकदा सांगितलं की ते मागे घ्यायचं नाही. देवसुद्धा फिरवू शकत नाही, असं त्या जंगलात मानायचे. पण इथे आत्या दोन. थोरली गोदाक्का, धाकटी इंदी.

गोदाक्का म्हणाली, "नाव मी सांगणार. आमच्या आईचं. ठकू."

इंदी म्हणाली, "दादा, अक्काला सांग, ठकू नाव आता पाली पण ठेवत नाहीत. माझं नाव नवं आहे. झंकार."

"भिक्या, तुझ्या बहिणीला सांग, झंकार हे बँडवाल्यांचं नाव असतं."

भिकोबा म्हणाला, "बरं."

मग काय झालं, गोदाक्का पाळण्याच्या उजवीकडून वाकली. इंदी डावीकडून वाकली. दोघी एकाच वेळी "कुर्रऽऽ" म्हणाल्या. एकीनं या कानात ठकू सांगितलं, दुसरीनं त्या कानात झंकार. मागे उभ्या बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्यांच्या पाठीत धपाटे घातले. जरा जोरातच घातले. फार दिवसांनी संधी मिळाली होती.

आता दोन्ही नावं पोरीच्या आत गेलेली. बाहेर काढता येईनात. कौसाबाईनं कपाळाला हात लावला. आणि मग हात तसाच राहिला.

"ठकूझंकार," ती हळूच म्हणाली. "असं कुणाचं आहे का हो?"

कुणाचंच नव्हतं. कसं असणार? अशा दोन आत्या एका घरात कुठे मिळतात?

कौसाबाईला आनंद झाला. पण शेजारणी हसायला लागल्या. "काय गं, हे नाव आहे की भांडण?" असं म्हैस म्हणाली. कौसाबाईला ते लागलं. ती दोन अंडी पदराखाली घेऊन कोल्हेपंडितांकडे गेली. कोल्हेपंडित नावांचे अर्थ सांगायचे. अंडं बघून सांगायचे.

पंडितांनी डोळे मिटले. "वा! हे तर अतिप्राचीन नाव आहे. सृष्टीच्या आधी शांतता होती. ती ठकू. मग पहिला आवाज झाला. तो झंकार. हजार वर्षांत एखाद्याच जीवाला हे नाव लाभतं."

"पण पंडित, हे तर आमच्या वन्संच्या भांडणातनं..."

"भांडण निमित्त असतं, बाई. दुसरं अंडं इकडे ठेवा."

कौसाबाई घरी आली ती चार बोटं उंच होऊन. आल्या आल्या तिनं घरात नियम केला. ठकूझंकार हे नाव घरात कुणी घ्यायचं नाही. "अशी नावं रोज वापरायची नसतात. झिजतात. पोर मोठी होऊन डोहावर जाईल, टिटवी पुकारेल, तेव्हा सगळं जंगल ऐकेल. तोवर जपून ठेवायचं."

पाहुण्यांसाठी कपबशा नाही का ठेवत फळीवर? आणि घरच्यांनी कान तुटलेल्या कपातनं चहा प्यायचा? तसंच.

"मग मी नुसतं ठकू म्हणते," गोदाक्का म्हणाली.

"नको, वन्सं. अर्धं म्हटलं तर मोडेल."

"मग पोरीला हाक काय मारायची?"

काय मारणार! ए नकटे, इकडे ये. ए नकटे, पाय पूस. गोदाक्का म्हणायची, "भिक्या, नकटीचं नाक तुझ्या बहिणीवर गेलंय." इंदी म्हणायची, "दादा, अक्काला सांग, आधी स्वतःचं चाचपून बघ म्हणावं." बारशापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण नकटी या एका शब्दावर दोघींचं एकमत होतं. आणि नकटी म्हटलं की पोरगी जिथे असेल तिथनं धावत यायची. या हाकेमागे एकतर खाऊ असायचा नाहीतर रट्टा, आणि उशीर केला की खाऊ कमी आणि रट्टा जास्त.

इकडे जंगलभर बातमी झाली, की हजार वर्षांत एकदा मिळणारं नाव आलंय. मग काय झालं असेल? ओळखा. ओळखलंत? शहाणे आहात, पण नाक पुसा.

डुकरिणीनं बारसं केलं. नाव ठकूझंकार. सांबरीण बाळंत झाली. ठकूझंकार. वानरांकडे जुळं झालं, तर थोरलं ठकूझंकार आणि धाकटंही ठकूझंकार, एकाला कशाला वाईट वाटायला पाहिजे म्हणून. हसणाऱ्या म्हशीनंसुद्धा रेडकाचं तेच ठेवलं.

कौसाबाई तणतणत तिच्याकडे गेली. "ते आमचं नाव आहे!"

"तुझं? नावाला काय काटेरी कुंपण घातलंयस?"

"अगं, पण ते दुर्मिळ आहे!"

"म्हणून तर ठेवलं," म्हैस रवंथ करत म्हणाली. "साधं असतं तर कुणी विचारलं असतं?"

 

पुढचा उन्हाळा आला. पोरांनी पहिल्यांदा एकट्यानं डोहावर जायचं ते वर्ष. आया काठावरच्या झाडीत बसल्या. गोदाक्का एका दगडावर, इंदी दुसऱ्या दगडावर, मध्ये भिकोबा. मगरीचा डोळा लागला. टिटवीनं मान वर केली आणि पुकारलं,

"ठकूझंकाऽऽर!"

कौसाबाईच्या अंगावर काटा आला. तिनं लेकीला ढकललं. "जा, तुझं नाव पुकारलं."

"माझं?" पोरगी म्हणाली. तिनं ते आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण आईनं ढकललं म्हणून गेली.

तिच्याबरोबर सगळं जंगल गेलं. डुक्कर, पाडस, दोन वानरं, रेडकू आणि कुणाकुणाची पोरं. धबाधबा. असा चिखल उडाला, असा गोंधळ झाला, की मगर सोडा, मगरीची मेलेली आजी जागी झाली असती. मगरीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग ती पाण्याखाली दिसेनाशी झाली.

"ठकूझंकार, मागे फीर!" टिटवी किंचाळली.

सगळ्या ठकूझंकारांना आपलं नाव पाठ होतं. घरी उठताबसता तेच चालायचं ना! रेडकू पळालं, पाडस पळालं, वानरं झाडावर गेली. काठ रिकामा झाला.

राहिली फक्त आपली. गर्दी गेली म्हणून तिला बरंच वाटलं. पाणी नितळ व्हायला लागलं होतं. ती वाकून प्यायला लागली.

"ठकूझंकार! अगं ठकूझंकार!" कौसाबाई ओरडली.

पोरीनं मान वळवून इकडेतिकडे बघितलं. कुणाला एवढं बोलावतायत? येत का नाही ती भवानी? आणि परत पाण्यात तोंड घातलं.

पाण्यात एक रेघ तिच्याकडे सरकत होती.

कौसाबाईनं त्या रेघेकडे बघितलं. मग भोवतीच्या बायकांकडे बघितलं. म्हैस होती, डुकरीण होती, सगळ्या होत्या. ज्या दिवसासाठी नाव जपून ठेवलं तो हाच दिवस. आणि आता सगळ्यांसमोर...

तिनं छाती भरून श्वास घेतला. दोन दगडांवरनं दोघी आत्यांनीही घेतला. आणि तिघी एकदम ओरडल्या,

"ए नकटेऽऽऽ!"

"आले!" पोरगी म्हणाली आणि टुणकन उडाली. मगरीचा जबडा मिटला तो शेपटीच्या चार केसांवर.

कौसाबाईनं पोरीला आधी पोटाशी धरलं, मग रट्टा दिला, मग परत पोटाशी धरलं. गोदाक्का इंदीकडे वळून म्हणाली, "माझी हाक आधी ऐकली तिनं." इंदी म्हणाली, "हो का? तुझा आवाज फुटला तरी होता का?" दोघी तिथंच जुंपल्या. पण मध्ये भिकोबाला न घालता, समोरासमोर. भिकोबा म्हणाला, "बरं." या खेपेला त्याला खरंच बरं वाटलं होतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कोल्हेपंडित तिथंच उभे होते.

"नकटी!" ते डोळे मिटून म्हणाले. "मगरीच्या जबड्यातही जी कटत नाही ती, न-कटी. अतिप्राचीन नाव. हजार वर्षांत एखादीला लाभतं."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. लगबगीनं अंडी आणायला गेल्या.

त्या वर्षी जंगलात जेवढ्या मुली झाल्या, सगळ्या नकट्या झाल्या. हत्तिणीनंसुद्धा लेकीचं नाव नकटी ठेवलं. आता तिची सोंड बघितली की मला हसू आवरत नाही.

तात्पर्य : लेकराचं नाव जंगलात कुणाचं नसेल असंच ठेवावं आणि फळीवर ठेवावं. हाकेला घरात एखादी चांगली जुनी शिवी असू द्यावी. आणि ती कोल्ह्यासमोर देऊ नये.