भट्टीच्या खोलीतला चष्मा

घाम पुसायला काढलेला चष्मा भट्टीमास्तरांनी चिमट्यांच्या ट्रेमध्ये ठेवला आणि क्रेनवाल्याने तो ट्रे सरळ आत ढकलला. मास्तरांना दिसलंच नाही. दिसणार कसं?

आत म्हणजे तीन हात जाड काचेपलीकडच्या खोलीत. तिथे किरणोत्सर्गी सांडपाणी आटवायचं, काचेच्या भुकटीबरोबर वितळवायचं आणि तो रस पिंपात ओतायचा. गार झाला की दगड. त्या खोलीत गेलेली वस्तू परत येत नसे, मग सुई असो की सोनं.

"मास्तर, आत चष्मा कोणाचा हो?"

"हळू बोल की मेल्या!"

चार वर्षं त्यांनी तो ऑफिसपासून लपवला होता. नजर अधू झालेल्याला भट्टीवर ठेवत नसत, भांडारात नटबोल्ट मोजायला धाडत. सत्तावीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या माणसाला त्यापेक्षा मरण बरं वाटत होतं.

त्यातच रस ओतायची वेळ झाली. उशीर केला तर तो नळीतच थिजणार आणि भट्टी कायमची बाद. ओतायचा तर पिंपाखालचा वजनकाटा वाचायला हवा, आणि तोही आतच.

"तू वाच ना काटा."

"मी क्रेन सोडली तर पिंप कलंडेल, मास्तर!"

मास्तरांनी मुकाट्याने यांत्रिक हात चालवला, आतला चष्मा उचलला आणि काट्यावर धरला. आकडे टपोरे दिसले. दुसऱ्या हाताने तोटी उघडली. लालभडक रस पिंपात पडू लागला, आणि नेमके तपासणीला साहेब आले.

"हा चष्मा कोणाचा?"

क्रेनवाला छत न्याहाळू लागला. मास्तरांनी तोटीवरची पकड सोडली नाही.

"माझा, साहेब. खुशाल बदली करा. फक्त एवढं पिंप भरू द्या."

साहेब खिडकीशी वाकले. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. मग हलकेच म्हणाले, "मास्तर, तो जरा माझ्या बाजूला धरा... हां, आत्ता दिसला. चारशे. करा बंद."

तोटी बंद झाली. सुटलो, म्हणून मास्तरांना रडूच येणार होतं, पण मनात भलतंच आलं.

"साहेब, तुम्ही तपासायला आलात की मी चष्मा खिशात लपवायचो. आकडा अंदाजाने सांगायचो. तुम्ही मान डोलवून सही करायचात."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

"मला वाटायचं, तुम्हाला दिसतंय."

त्यांनी काचेपलीकडच्या पिंपाकडे पाहिलं.

"अशी किती पिंपं भरली असतील आपण, मास्तर?"

"अंदाजे सांगू?"