नाना पोतनिसांचे अठ्ठेचाळीस तास

आमच्या गल्लीतले नाना पोतनीस चंद्राला लेट मार्क लावायचे. खोटं नाही सांगत. त्यांच्याजवळ मिलचं जुनं हजेरीचं रजिस्टर होतं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. रोज संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे, मांडीवर पंचांग, हातात पेन. समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यामागून चंद्र वर आला की घड्याळ बघायचे आणि लिहायचे. पंचांगातल्या वेळेशी ते कधी जुळायचं नाही. मी म्हणायची, "नाना, दोष टाकीचा आहे, त्याचा नाही." तर म्हणायचे, "शेवंताबाई, कारण सगळ्यांजवळ असतं. मी वेळ लिहितो, कारण लिहीत नाही."

इंदूरच्या मल्हारगंजात आम्ही एकाच घरमालकाचे भाडेकरू. ते वर, मी खाली. त्यांच्या पूर्वजांनी म्हणे होळकरांच्या दफ्तरात कारकुनी केली. नाना मात्र कपड्याच्या मिलमधे टाइमकीपर. गेटाच्या आत मशीन होतं, त्यात कार्ड घातलं की वेळ छापली जायची, आणि त्या मशीनच्या बाजूला नाना. सगळे त्यांना टैमबाबू म्हणायचे. आमचे हे त्याच मिलमधे साच्यावर, कापड विणायला. मंदा झाली त्या वर्षी मला उठता येत नव्हतं, तर हेच नळावरून पाणी भरायचे आणि मग धावत जायचे. नानांनी उशिरापायी किती अर्ध्या दिवसांच्या पगारावर लाल रेघ मारली असेल, देवाला ठाऊक. पुढे मिल बंद झाली. हे गेले. मी लोकांकडे पोळ्या लाटल्या, मंदाला मोठी केली, लग्न केलं. ते सगळं झालं, निभलं. नाना तसेच राहिले, एकटे. लग्न केलंच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "योग आला होता, पण वेळ टळली."

रिटायर झाल्यावर त्यांना चौघडियाचं वेड लागलं. दिवसाचे दीड-दीड तासाचे तुकडे, त्यांतले शुभ, लाभ, अमृत चांगले, अन काळ, रोग, उद्वेग वाईट. दाढी करायची तर लाभात. गॅसचं सिलेंडर लावायचं तर शुभात. एकदा काळ चौघडिया चालू होता म्हणून दूधवाल्याला पंचवीस मिनिटं जिन्याखाली उभं ठेवलं. दूधवाला म्हणाला, "टैमबाबू, दूध फट जाएगा." नाना वरून म्हणाले, "फाटू दे भिया, नशीब नको फाटायला."

तर असा माणूस माझ्या परदेशगमनाच्या कामाला लागला.

मंदा शारजात असते. नवरा तिथं एसीच्या कंपनीत. दोन वेळा तिचं पोटातच गेलं होतं, हे तिसरं. नववा लागला होता, अन सगळीकडे कोरोना. जावयाला सुट्टी नाही, तिच्याजवळ बाई माणूस कोणी नाही. फोनवर म्हणाली, "आई, तू ये फक्त. काही करू नको, बस." मंदा लहानपणापासून मागत नाही काही. म्हणून मला ते लागलं.

पासपोर्ट झाला, विजा झाला, दोन्ही सुया झाल्या. इंदूरहून आठवड्यातून एकच विमान, बुधवारी दुपारी. आणि नियम असा, की नाकातली टेस्ट अठ्ठेचाळीस तासांच्या आतली पाहिजे, शिवाय विमानतळावर आणखी एक. अठ्ठेचाळीस तास म्हटल्यावर नाना जिन्यावरून खालीच आले. म्हणाले, "हे काम माझं आहे. तुम्ही मधे पडू नका."

त्यांनी पंचांग काढलं. बुधवारी मुहूर्त नाही, मुहूर्त रविवारी. मग प्रस्थान ठेवायचं ठरलं. आपल्यात पद्धत आहे ना, निघायला दिवस चांगला नसला तर चांगल्या वेळी गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मी एका पातळात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं आणि रविवारी संध्याकाळी वर नानांच्या खोलीत ठेवलं. खाली यायला लागले तर नाना दारात आडवे.

"कुठे?"

"घरी."

"तुम्ही गेलात शेवंताबाई. गेलेल्या माणसानं उंबरा परत ओलांडायचा नाही. आणि तसंही आता चार लोकांत मिसळायचं नाही, कोरोना लागला तर टेस्ट फेल. तुम्ही इथं राहा, मी खाली झोपतो."

असं मी माझंच घर सोडून चौदा पायऱ्या वर परदेशी गेले.

ते दिवस मला अजून झोपेत पाहिल्यासारखे वाटतात. आयुष्यात मी कधी रिकामी बसले नव्हते. वरच्या खिडकीतून मिलची चिमणी दिसते. धूर नाही, काही नाही, वर एक पिंपळाचं रोप उगवलंय, ते हलत असायचं. खाली गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजायचं, भाजीवाला ओरडायचा, आणि ते सगळं मला लांबून ऐकू यायचं, जसं मी खरंच समुद्राच्या पलीकडे असावी. इथंही नव्हते, तिथंही नव्हते. नाना खिचडी करून आणायचे, घड्याळ लावून शिजवलेली आणि तरी करपलेली, आणि ताट उंबऱ्यावर ठेवून चार पायऱ्या खाली जाऊन बसायचे.

"काय म्हणतंय तिकडचं हवामान?" विचारायचे.

"ऊन आहे," मी म्हणायची.

"इकडे पण ऊन आहे. तब्येत?"

"बरी आहे. तुम्ही कसे आहात?"

"बस, मजेत. तुमच्या खोलीत बाहेरून फार आवाज येतात हो. माणसं दिवसभर बोलतात दारावरून."

"त्रास होतो का?"

"नाही नाही," म्हणाले. "तसं नाही."

सोमवारी सकाळी लॅबची बाई आली, पांढऱ्या गाऊनात. नानांनी तिला दारातच थांबवलं. "मॅडम, सात मिनिटं. आत्ता काळ चाललाय, मग शुभ लागेल."

"अंकलजी, मुझे और भी घर जाना है."

"पोहे खाऊन घ्या तोवर. वर जिरावन मसाला टाकू का?"

तिनं उभ्याउभ्याच पोहे खाल्ले. मग ती काडी नाकातून आत गेली आणि वाटलं डोक्याच्या मागून बाहेर येते की काय. मी हूं केलं नाही. नानांनी वेळ लिहिली, नऊ वाजून दोन मिनिटं.

मला दुसरीपर्यंत शाळा. वाचता नीट येत नाही, पण अंक पक्के आहेत, पोळ्या मोजून द्याव्या लागतात ना. मी म्हटलं, "नाना, विमान बुधवारी साडेबाराला. सोमवार नऊ ते बुधवार नऊ, इथेच अठ्ठेचाळीस झाले. वरचे साडेतीन तास?"

नाना हसले. दयेनं हसतात तसं. "शेवंताबाई, तास कागदावर छापल्यापासून लागतात. माणूस गेटावर आला म्हणजे हजर होत नाही. कार्ड छापलं की हजर. रिपोर्ट संध्याकाळी छापून येईल. चौतीस वर्षं हेच केलंय मी."

रिपोर्ट संध्याकाळी सहाला आला. निगेटिव्ह. नानांनी त्याला कुंकू लावलं.

बुधवारी विमानतळावर नाना काचेच्या बाहेर, मी आत. काउंटरवरची मुलगी कागद बघते, परत बघते. मग म्हणाली, "आंटी, ये तो टाइम से ऊपर हो गया. सॅम्पल नौ बजे का है."

मी तिला म्हटलं बाहेर आमचे साहेब आहेत त्यांना विचारा. ती बिचारी दारापर्यंत आली. नाना तिला मिल समजावून सांगायला लागले. गेट, मशीन, कार्ड. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंकल, छापने से नहीं गिनते. आदमी जब लाइन में लगा, तब से गिनते हैं."

नानांनी तिच्या हातातून रिपोर्ट घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

रिक्षात गाठोडं माझ्या मांडीवर. मी त्याची गाठ सोडत होते, परत बांधत होते. मंदाला डॉक्टरनं पंधरा दिवस दिले होते, त्यातले आठ आता असेच जाणार होते. बडा गणपतीचं देऊळ मागे गेल्यावर नाना म्हणाले, "गोविंदराव लाइनीतच असायचे."

गोविंदराव म्हणजे आमचे हे.

"गेटाच्या आत आलेले असायचे. मशीन एक, माणसं तीनशे. मला दिसायचे ते. पाण्यानं बाह्या ओल्या असायच्या."

मी म्हटलं, "झालं ते नाना."

"मी छापलेली वेळ धरली."

"झालं ते."

घरी आल्यावर मी माझ्या दाराकडे वळले तर म्हणाले, "नका. तुम्ही परत आलात हे मी रजिस्टरला घेतलेलं नाही." म्हणून मी आणखी आठवडाभर वर राहिले. रोज मंदाचा फोन. "आई, पाय सुजलेत." "आई, रात्री झोप लागत नाही." मी खिडकीत बसून ते पिंपळाचं रोप बघायची. एवढ्या उंचावर त्याला पाणी कोण देत असेल, असलं काहीतरी मनात यायचं. नाना खिचडी आणायचे पण हवामान विचारायचे नाहीत.

पुढच्या सोमवारी लॅबची बाई दुपारी पावणेएकला आली. मी विचारलं, "नाना, चौघडिया बघितला?" ते म्हणाले, "पुस्तक सापडत नाहीये." पुस्तक त्यांच्या काखेत होतं. काडी आली, गेली. ह्या वेळी नानांनी घड्याळ तीनदा पाहिलं आणि माझ्या हातावरच पेनानं वेळ लिहिली, लहान पोराच्या हातावर लिहितात तशी.

बुधवारी काउंटरवाल्या मुलीनं ओळखलं मला. विमानतळावरची टेस्टही झाली, तिचा कागद येईस्तोवर दोन तास एका लांबलचक थंड हॉलमधे बसवलं. बाहेर नाना उभे होते. बसायला बाकडं होतं, तरी उभे. कागद आला, मी काचेतून हात हलवला. त्यांनी हात हलवला नाही, घड्याळाकडे पाहिलं.

मी पोचले आणि तिसऱ्या दिवशी मंदा बाळंत झाली. मुलगा. मी तिचा हात धरून होते. रडला तो, जोरात रडला.

नानांना फोन केला. पहिला प्रश्न, "वेळ काय?"

"चार वाजून पाच मिनिटं, इथल्या घड्याळानं."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग परत तीच पानं.

"नाना?"

"ऐकतोय. पत्रिका मी करतो. दुसऱ्या कोणाला वेळ सांगू नका."

धारच्या आमच्या विहीणबाईंचा तगादा चालूच होता. त्या फार कडक, सोवळ्याच्या. नातवाची पत्रिका आल्याशिवाय बारसं ठरवू देत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी नानांनी पत्रिकेचा फोटो फोनवर पाठवला, तोच विहीणबाईंना गेला. त्यांनी त्यांच्या गुरुजींना दाखवला आणि कळवलं, सगळं उत्तम आहे. मी फोटो पाहिला. अंक मला येतात. वेळ लिहिली होती चार वाजून पंचवीस मिनिटं.

तीन महिन्यांनी परत आले. नाना माझ्याच खोलीत होते अजून. सामान उचलायला लागले तर मी म्हटलं, "बसा, चहा घ्या आधी." त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. मी विचारलं, "नाना, ती वीस मिनिटं कुठली?"

"कुठली?"

"मी पाच सांगितली होती. तुम्ही पंचवीस लिहिली. तुमची चूक व्हायची नाही."

ते बशीकडे बघत राहिले. "तिथल्या घड्याळानं चार वाजून वीसपर्यंत मूळ नक्षत्र होतं."

मुळाचं मला माहीत आहे, आपल्याकडच्या सगळ्या बायांना असतं. मुळावर जन्मलेल्या पोराचं तोंड बापानं सत्तावीस दिवस पाहायचं नाही, मग शांत करायची, मग पाहायचं. विहीणबाईंनी दुसऱ्या दिवसापासून पाहू दिलंच नसतं.

"मी मुळावरचा," नाना म्हणाले. "बाबा सत्तावीस दिवस बाहेरच्या बैठकीत राहिले. आईनं सांगितलं मला. मग शांत झाली, सगळं विधिपूर्वक झालं. पण त्यांना सवयच लागली नाही मग. वाईट नव्हते. शाळेची फी, कपडे, सगळं वेळेवर. फक्त माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचे."

दारावरून भाजीवाली गेली, "नाना, मेथी घ्यायची का" विचारत. त्यांनी मानेनं नको म्हटलं.

मग म्हणाले, "जावईबापूंनी पहिल्याच दिवशी घेतला का हो त्याला?"

"घेतला. अजून नीट पुसलंही नव्हतं, तेव्हाच घेतला."

"हां," म्हणाले. चहा प्यायले. थोड्या वेळानं परत विचारलं, "तोंड बघून?"

"तोंड बघून," मी म्हटलं.