गुडघ्यावरचा सर्व्ह

मुलीशी बोलायला काहीतरी विषय हवा, एवढ्यासाठी मी त्या कार्टून मालिकेचा एक भाग बघायचं ठरवलं. फक्त एक. बावीस मिनिटांचा.

आमची फुमिका सोळा वर्षांची. हायस्कूलच्या टेबल टेनिस संघात आहे, तोयामा जिल्ह्यात पहिल्या आठांत येते, आणि गेल्या हिवाळ्यात ती माझ्याशी दिवसाला एकूण तीन शब्द बोलायची: ‘जाते’, ‘आले’ आणि ‘नको’. (मी मोजले आहेत. नगरपालिकेच्या कचरा वर्गीकरण विभागात एकवीस वर्षं काढल्यावर माणूस कशाचीही मोजदाद करतो.) आईशी मात्र तासन्‌तास गप्पा. त्या गप्पांत सारखा एक रेन यायचा. रेन म्हणजे त्या मालिकेतला हडकुळा नायक, हायस्कूलमध्ये टेबल टेनिस खेळणारा. म्हटलं, आपणही रेनची ओळख करून घेऊ.

पहिल्या भागात रेनने चेंडू मारला. चेंडू जाळीच्या वर पोहोचला आणि तिथेच थांबला. तो थांबलेला असताना रेनला त्याची आजी आठवली, समोरच्याला त्याचं बालपण आठवलं, प्रशिक्षकांना त्यांची जुनी हार आठवली, आणि भाग संपला. आता तुम्हीच सांगा, चेंडू असा हवेत सोडून कुठला सभ्य माणूस झोपू शकेल? पंचवीस भाग मी नऊ दिवसांत संपवले. त्यातल्या एका दिवशी तर दाढ दुखते असं सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्याच दिवशी घोटाळा झाला. चौदाव्या भागात रेनचं मनगट दुखावतं. मी कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, पांघरुणात पाय घालून हमसून हमसून रडत होतो, आणि बायको, तामाए, फिशकेकच्या कारखान्यातून नेमकी लवकर घरी आली.

“अहो! काय झालं? कोण गेलं?”

“रेन...” मला पुढे बोलवेना.

“कुठला रेन? तुमच्या चुलत्यांकडचा?”

“शाळेतला गं. पहिल्या वर्षाचा. आता तो कधीच...” (खेळणार नाही, असं मला म्हणायचं होतं. हुंदका आडवा आला.)

तामाए तडक आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली. दहा मिनिटांनी बघतो तर ती सुतकाचे काळे कपडे घालून उभी, हातात जपमाळ, आणि फोनवर कानाझावाच्या माझ्या बहिणीला सांगत होती, “हो हो, कोवळं पोर! हे नुसते कोसळलेत. तुम्ही निघाच.”

ताई निघाली, आलीसुद्धा. सगळा उलगडा झाल्यावर तिने बर्फाने भिजलेले मोजे काढले, शांतपणे टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, “आता आलेच आहे, तर पहिल्या भागापासून लाव.”

इथे थांबलो असतो तर ठीक होतं. पण रेनचा एक खास सर्व्ह होता. चेंडू छताएवढा उंच उडवायचा आणि खाली येताना बॅटने असा कापायचा की तो समोरच्याच्या टेबलावर पडून बाजूला पळेल. मला तो शिकायचाच होता. घरात टेबल एकच, कोतात्सू, जेमतेम गुडघ्याएवढं. म्हणून मी गुडघ्यांवर बसून सराव करू लागलो. पहिल्या आठवड्यात छताच्या दिव्याची लोंबती दोरी तुटली. दुसऱ्या आठवड्यात चेंडू तामाएच्या मिसो सूपमध्ये पडला.

“अहो, तोफू कमी पडला होता का?” तिने विचारलं आणि चॉपस्टिकने चेंडू अलगद उचलून माझ्या वाटीत ठेवला.

पण महिन्याभरात सर्व्ह जमला. बढाई मारत नाही, पण गुडघ्यांवर बसून तो सर्व्ह माझ्याइतका सुरेख करणारा माणूस अख्ख्या तोयामात नसेल.

मार्चमध्ये शाळेत ‘पालक विरुद्ध खेळाडू’ असे मैत्रीचे सामने होते. फुमिकाने ती सूचना मला दाखवलीच नाही, रद्दीत टाकली. बिचारी विसरली की आपला बाप रद्दीचाच अधिकारी आहे. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात वेगळा कागद दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो. मी लगेच माझं आणि तामाएचं नाव घालून, सही करून फॉर्म पाठवून दिला.

“बाबा, तू प्लीज येऊ नकोस,” फुमिका म्हणाली.

एका दमात पाच शब्द! मला भरून आलं.

सामन्यांच्या दिवशी माझी गाठ फुमिकाशीच पडली. पंच होते त्यांचे प्रशिक्षक, होरिकिरी सर. पहिला सर्व्ह माझा. मी टेबलाशी गेलो आणि सवयीप्रमाणे गुडघे टेकले. समोर टेबलाची कड, तिच्यावरून फक्त माझं कपाळ दिसत असावं. बाकीचे पालक माना उंचावून बघू लागले.

“सेगावासान,” होरिकिरी सर वाकून म्हणाले, “काही पडलं का आपलं?”

“नाही सर. सर्व्ह करतोय.”

सरांनी थोडा विचार केला. “गुडघ्यांवर बसायला नियमात बंदी नाही. पण चेंडू टेबलाच्या खाली गेलेला चालत नाही.”

मी उभा राहिलो. उभ्याने चेंडू कुठून कापायचा हे हाताला ठाऊकच नव्हतं. पहिला सर्व्ह पाठीमागे गेला, दुसरा मुख्याध्यापकांच्या चहाकडे. मग फुमिकाचे सर्व्ह सुरू झाले. मालिकेत एका पॉइंटला दोन भाग लागतात. इथे मी आजी आठवायला घेतली आणि ती आठवेपर्यंत स्कोअर सहा-शून्य झाला होता. दोन मिनिटांत दहा-शून्य.

आणि मग तो चमत्कार घडला. फुमिकाने सर्व्ह केला, आणि चेंडू जाळीत! पॉइंट माझा!

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, मी बॅट छातीशी धरून जमिनीवर लोळण घेतली, “रेन, हा तुझ्यासाठी!” असं ओरडलो आणि जिमला पूर्ण एक फेरी मारली. सगळे टाळ्या वाजवत होते. फुमिका आधी टेबलाखाली लपली, मग तिथून तिच्या हसण्याचा आवाज आला, आणि शेवटी ती पोट धरून बाहेर आली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढचा पॉइंट तिने घेतला, पण त्याचं काय एवढं!

घरी जाताना ती गाडीत पुढे, माझ्या शेजारी बसली.

“बाबा, तू चौदावा भाग बघितलास? खरंच रडलास?”

“रडलो? तुझी आत्या कानाझावाहून आली!”

आणि मग घर येईपर्यंत ती बोलतच होती. शब्द मोजायचं मी सोडून दिलं.

सोमवारी ऑफिसात मी हा पराक्रम साग्रसंगीत सांगितला. जिल्ह्यातल्या पहिल्या आठांतल्या खेळाडूकडून पॉइंट! सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. आमचे विभागप्रमुख तरुणपणी टेबल टेनिस खेळायचे, त्यांनी एकच विचारलं, “तेव्हा स्कोअर काय होता?”

“दहा-शून्य, साहेब.”

“अच्छा,” ते म्हणाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या टेबलाकडे गेले. बाकीचेही गेले. पलीकडच्या मियाशितासानबाईंनी माझ्यापुढे एक राइस क्रॅकर ठेवला.

संध्याकाळी मी फुमिकाला विचारलं, “दहा-शून्यमध्ये विशेष काय असतं गं?”

ती तामाएकडे बघायला लागली. तामाए भाताकडे बघायला लागली.

“बाबा, रागावू नकोस. समोरच्याला अकरा-शून्यने हरवणं वाईट दिसतं. म्हणून दहा-शून्यला एक पॉइंट मुद्दाम सोडतात. रीत आहे तशी.”

“आणि हे जिममध्ये किती जणांना माहीत होतं?”

“सगळ्यांना. पण तू फेरी मारायला लागलास, मग सांगणार कोण?”

मी सावरून बसलो. “ठीक आहे. म्हणजे सगळ्या पालकांना तुम्ही एकेक पॉइंट दिलात.”

“नाही,” फुमिका चाचरत म्हणाली, “बाकी कोणाचा दहा-शून्य झालाच नाही. आईने तर माझ्याकडून नऊ घेतले.”